सेतोचे चिनी मातीचे प्राणी

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तीन दशकांत अमेरिकेतल्या असंख्य घरांत चिनी मातीचे बोटभर उंचीचे प्राणी दिसत. मान वळवून मागे पाहणारे पाडस, निळ्या डोळ्यांची सयामी मांजर, कुरळ्या केसांचा पूडल, पिलांना बारीक साखळीने स्वतःशी जोडून घेतलेली बदकीण असे त्यांचे प्रकार होते. तळाला ‘जपान’ एवढा एकच शब्द असे, नाहीतर एखाद्या अमेरिकन कंपनीच्या नावाची सोनेरी-लाल कागदी चिठ्ठी. घडवणाऱ्याचे नाव सहसा कुठेच नसे. या मालाचा फार मोठा वाटा मध्य जपानमधल्या आइची प्रांतातल्या सेतो या गावातून येई. तिथे या धंद्याला आजही ‘सेतो नॉव्हेल्टी’ म्हणतात.

हा माल निनावी राहिला तो धंद्याच्या रचनेमुळे. मागणी नोंदवणारा आयातदार अमेरिकेत, सौदा करणारी पेढी नागोयात आणि माती, साचा, भट्टी, रंग हे सगळे सेतोत अशी ती रचना होती. वस्तूवर नाव लागे ते विकणाऱ्याचे. त्यामुळे आजही अनेक संग्राहक या वस्तू अमेरिकन कंपन्यांच्या नावाने ओळखतात आणि ज्या गावाने त्या घडवल्या त्याचे नाव त्यांना माहीतही नसते.

सेतो नागोयाच्या ईशान्येला सुमारे २० किलोमीटरवर, कमी उंचीच्या टेकड्यांमध्ये वसले आहे. तोकोनामे, एचिझेन, शिगाराकी, तांबा आणि बिझेन यांच्याबरोबर जपानच्या सहा प्राचीन भट्टी-केंद्रांत त्याची गणना होते. या सहांपैकी मध्ययुगात झिलई दिलेली भांडी करणारे केंद्र सेतो हे एकटेच. गावाचे खरे धन त्याच्या जमिनीत आहे. ग्रॅनाइटच्या डोंगरांची झीज होऊन प्राचीन सरोवरांच्या तळाशी साचलेले मातीचे थर इथे सापडतात. त्यांतली ‘किबुशी’ ही लवचीक माती हवा तसा आकार घेते. ‘गाइरोमे’ या मातीत गारेचे कण असतात आणि ती भिजली की ते बेडकाच्या डोळ्यांसारखे चमकतात; नावही त्यावरूनच पडले. दोन्ही मातींत लोहाचे प्रमाण कमी असल्याने भाजल्यावर त्या पांढऱ्या राहतात. बारीक कान, शेपूट, पाय यांसारखे नाजूक भाग न तुटता घडवायचे आणि वर स्वच्छ रंग उठवायचा, तर हे दोन्ही गुण हवेतच. सेतोला ते घरच्या घरी मिळाले.

तरीही पोर्सेलीन सेतोत उशिरा आले. क्यूशू बेटावरच्या आरिता इथे सतराव्या शतकाच्या आरंभापासून पोर्सेलीन तयार होत होते आणि त्या पांढऱ्याशुभ्र भांड्यांनी सेतोच्या जुन्या मालाची बाजारपेठ खाल्ली होती. १८०४ मध्ये कातो तामिकिची हा सेतोचा कारागीर ही विद्या शिकायला क्यूशूला गेला. तिथली केंद्रे आपले तंत्र बाहेर जाऊ देत नसत, तरी तो ते आत्मसात करून १८०७ मध्ये परतला. पुढे गावाने त्याला देवत्व दिले. कामागामी या भट्टीदेवतेच्या देवळात त्याची पूजा होते. एका कुंभाराला देव मानणारे हे गाव आपल्या धंद्याकडे कोणत्या नजरेने पाहते, ते यावरून कळते.

धंद्याची किंमत डोंगरांनीही मोजली. शेकडो वर्षे भट्ट्यांसाठी पाइन तोडले गेले आणि मातीसाठी टेकड्या खणल्या गेल्या, त्यामुळे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सेतोभोवतीचे डोंगर उघडेबोडके झाले होते. पावसाबरोबर माती वाहून जाई आणि खालच्या नद्या गाळाने भरत. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात टोकियो विद्यापीठात शिकवणारे ऑस्ट्रियन वनतज्ज्ञ आमेरिगो होफमान यांनी इथे धूप थांबवण्याची कामे केली. त्याच सुमारास भट्ट्या लाकडाकडून कोळशाकडे वळल्या आणि गावात उंच धुराडी उभी राहिली.

प्राण्यांच्या मूर्ती घाऊक प्रमाणात करण्याचे तंत्र युरोपातून आले. १८७३ च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनासाठी जपानच्या मेइजी सरकारने मोठे पथक पाठवले होते. त्यातल्या नोतोमी काइजिरो आणि त्यांच्या सोबत्यांनी प्रदर्शनानंतर मागे थांबून प्लॅस्टरचे साचे आणि त्यांत पातळ माती ओतून वस्तू घडवण्याची पद्धत शिकून घेतली. हाताने मळलेल्या मातीतून कारागीर एका वेळी एकच मूर्ती करू शकतो. प्लॅस्टरच्या साच्यातून मात्र एकसारख्या शेकडो मूर्ती निघतात आणि साचा झिजला की मूळ नमुन्यावरून नवा करता येतो. पुढच्या शंभर वर्षांच्या निर्यातीचा पाया या एका शिकवणीने घातला.

विक्रीची वाट व्यापाऱ्यांनी उघडली. मोरिमुरा इचिझाएमोन यांनी १८७६ मध्ये टोकियोत मोरिमुरा पेढी सुरू केली आणि त्यांचे धाकटे भाऊ तोयो यांनी न्यूयॉर्कमध्ये दुकान थाटले. ही पेढी सेतो आणि शेजारच्या मिनो भागातला पांढरा माल विकत घेई, रंगकामासाठी नागोयाला आणवी आणि अमेरिकेला पाठवी. नागोयाच्या पूर्व भागात रंगाऱ्यांच्या कार्यशाळांची वस्तीच वसली. याच पेढीच्या मंडळींनी १९०४ मध्ये नागोयाजवळच्या नोरिताके गावी कारखाना काढला आणि पुढे त्या गावाचे नाव जगभर पसरले. १९०५ मध्ये सेतोची रेल्वे सुरू झाल्यावर गाव नागोयाच्या आणखी जवळ आले.

जुन्या वस्तूचा काळ ठरवताना अमेरिकेचे जकात कायदे उपयोगी पडतात. १८९० च्या मॅकिन्ली कायद्याने आयात मालावर मूळ देशाचे नाव घालणे सक्तीचे केले. जपानी व्यापारी त्यासाठी ‘निप्पोन’ लिहीत. १९२१ मध्ये अमेरिकन जकात खात्याने हा शब्द अमान्य करून ‘जपान’ लिहिण्याचा आग्रह धरला. त्यामुळे निर्यातीच्या वस्तूवर निप्पोनची खूण असेल, तर ती साधारणपणे १८९१ ते १९२१ या तीस वर्षांतली मानतात.

पहिल्या महायुद्धाने सेतोला मोठी संधी दिली. तोवर अमेरिकेला चिनी मातीच्या बाहुल्या आणि शोभेच्या मूर्ती प्रामुख्याने जर्मनी पुरवत होता. युद्धामुळे तो पुरवठा तुटला आणि अमेरिकेतले व्यापारी जपानकडे वळले. मोरिमुरांनी बाहुल्या विकायला सुरुवात केली आणि सेतोचे कारखाने जर्मन नमुने समोर ठेवून साचे करू लागले. सुरुवातीचा माल ओबडधोबड होता, पण तो लवकरच सुधारला. १९२० आणि १९३० च्या दशकांत मोत्यासारख्या चकाकीच्या निळ्या आणि नारिंगी झिलईचे कुत्रे, हत्ती आणि पक्षी मोठ्या संख्येने बाहेर गेले. कुणाच्या पाठीवर टाचण्या खोचायची गादी असे, तर कुणाच्या शेजारी राखदाणी. याच काळात जपानच्या इतर कारखान्यांतून मॅजोलिका फरशा भारतात येत होत्या. लोणावळ्याजवळच्या मळवलीच्या छापखान्यातून घरोघर पोचलेल्या राजा रविवर्म्याच्या देवादिकांच्या चित्रांवरून केलेल्या फरशाही त्यांत होत्या. परक्या ग्राहकाच्या घरात काय शोभेल हे ओळखून ते घडवायचे, हा त्या काळच्या जपानी निर्यातीचा स्वभावच होता.

१९३७ मध्ये चीनशी युद्ध सुरू झाले आणि १९४१ मध्ये अमेरिकेने जपानची मालमत्ता गोठवली, तेव्हा हा व्यापार बंद पडला. युद्धाच्या अखेरीस धातूचा इतका तुटवडा झाला की जपानी सैन्यासाठी चिनी मातीचे हातगोळे तयार करण्यात आले. १९४५ मध्ये सेतो, क्योतो आणि आरिता इथे मातीची नाणीही पाडली गेली, पण ती चलनात येण्याआधीच युद्ध संपले. मांजरी आणि हरणे घडवणाऱ्या गावांच्या वाट्याला त्या वर्षांत हे काम आले.

पराभवानंतर जपानला सगळ्यात आधी अन्न हवे होते आणि ते विकत घ्यायला डॉलर हवे होते. यंत्रे उद्ध्वस्त झालेली, परदेशी कच्चा माल आणायला पैसा नाही, अशा स्थितीत स्वतःच्या जमिनीतली माती आणि कारागिरांचे हात एवढ्या भांडवलावर चालणारा धंदा अमोल होता. १५ ऑगस्ट १९४७ रोजी खासगी परदेशी व्यापाराला मर्यादित परवानगी मिळाली आणि अमेरिकन खरेदीदार नमुने घेऊन पुन्हा येऊ लागले. निर्यातीच्या मालावर ‘व्याप्त जपानमध्ये तयार’ अशा अर्थाची इंग्रजी खूण घालण्याचा, जपान ताब्यात घेतलेल्या दोस्त राष्ट्रांच्या प्रशासनाचा हुकूम होता. १९४९ च्या अखेरीस ती सक्ती उठली आणि २८ एप्रिल १९५२ रोजी तो ताबाच संपला. इतक्या थोड्या वर्षांचा माल असल्यामुळे या खुणेच्या वस्तूंचा स्वतंत्र संग्रह करणारे लोक अमेरिकेत पुढे आले. प्राण्यांच्या शेजारी युरोपीय पोशाखातली जोडपी आणि झालरीच्या बाहुल्याही त्यांत आढळतात. झालरीसाठी खरी लेस पातळ मातीत बुडवून बाहुलीवर बसवत. भट्टीत धागा जळून जाई आणि मातीची जाळी उरे.

त्या वर्षांत दर्जाची चिंता किती होती, हे नोरिताकेच्या एका निर्णयावरून दिसते. युद्धानंतर माती आणि इंधन पूर्वीच्या तोडीचे मिळेना, तेव्हा कंपनीने काही काळ आपले नाव मालावर घातलेच नाही आणि तो ‘रोझ चायना’ या खुणेने विकला. सेतोच्या लहान कारखान्यांपाशी जपायला असे नाव नव्हते, पण माल नाकारला जाण्याची धास्ती त्यांनाही तेवढीच होती.

एक मूर्ती किती हातांतून जाई, ते पाहण्यासारखे आहे. पहिला मान मूळ नमुना घडवणाऱ्या शिल्पकाराचा. आयातदाराने पाठवलेले चित्र, छायाचित्र किंवा परदेशी मूर्ती समोर ठेवून तो मातीत प्राणी घडवी. पोर्सेलीन भाजल्यावर आठव्या-सातव्या हिश्श्याने आकसते, म्हणून नमुना त्या हिशेबाने मोठा करावा लागे. भट्टीच्या आचेत माती मऊ पडते. बारीक पायांवर जड धड असेल तर पाय वाकतात. त्यामुळे घोड्याचे किंवा हरणाचे पाय किती बारीक ठेवायचे, वजन कुठे टेकवायचे, याचा विचार नमुन्यातच करावा लागे. त्यानंतर साचेवाल्याचे काम. प्राणी अखंड साच्यातून निघत नाही, कारण कान, शिंगे, पुढे आलेले पाय साच्यात अडकतात. मग नमुन्याचे तुकडे करून प्रत्येकाचा वेगळा साचा करायचा. कुठे कापले असता सांधा दिसणार नाही, हे ठरवण्यात साचेवाल्याचे सारे कसब असे.

साच्यात ओतायची माती वॉटरग्लास हे रसायन घालून पातळ केलेली असते. त्यामुळे कमी पाण्यातही ती वाहती राहते. प्लॅस्टर पाणी शोषून घेते आणि साच्याच्या आतल्या भिंतीला मातीचा थर धरतो. तो पुरेसा जाड झाला की उरलेली माती ओतून टाकतात, म्हणून या मूर्ती आतून पोकळ आणि हाताला हलक्या लागतात. बंद पोकळीतली हवा भट्टीत तापून मूर्ती फोडील, म्हणून तळाला किंवा पोटाखाली बारीक छिद्र ठेवतात. सुटे भाग ओलसर असतानाच पातळ मातीने जोडायचे आणि साच्याच्या कडांच्या रेघा ओल्या ब्रशने पुसायच्या. स्वस्त मालात या रेघा तशाच राहत; चांगल्या कारखान्याच्या मालात त्या शोधूनही सापडत नाहीत. जुन्या मूर्तीचा दर्जा पारखायला एवढी एक खूण पुरते.

सुकवणे, कच्ची भाजणी, झिलई आणि १२०० अंशांच्या वरची पक्की भाजणी झाली की रंगकाम सुरू होई. अंगावरच्या फिकट-गडद छटा फवाऱ्याने देत. नाक, मिशा आणि डोळे मात्र हातानेच काढावे लागत आणि नंतर कमी आचेवर पुन्हा भाजून रंग पक्का होई. हे काम बहुतेक बायका करत, काही कारखान्यांत बसून आणि काही घरी नगावर. पेणच्या गणेशमूर्तींच्या कारखान्यांत डोळ्यांच्या आखणीला जे महत्त्व आहे, तेच सेतोत या शेवटच्या कामाला होते. तोच साचा, तीच झिलई, पण बुबुळ केसभर सरकले की हरणाची सावध नजर जाऊन ते वेंधळे दिसू लागते. दिवसाकाठी शेकडो डोळे काढणाऱ्या या बायकांच्या हातात जी स्थिरता होती, तिची नोंद कुठल्याही मूर्तीच्या तळावर नाही.

१९५० आणि १९६० ची दशके या धंद्याच्या भरभराटीची. १९४९ मध्ये एका डॉलरला ३६० येन हा दर ठरला आणि १९७१ पर्यंत टिकला, त्यामुळे अमेरिकेत जपानी माल अतिशय स्वस्त पडे. हंगेरीहून अमेरिकेत आलेल्या जॉर्ज लेफ्टन यांनी शिकागोत काढलेली कंपनी युद्धानंतर जपानी चिनी माती आणणाऱ्या पहिल्या कंपन्यांपैकी होती. क्लीव्हलँडची नॅपको, पोर्टलंडची नॉरक्रेस्ट, पुढे एनेस्को अशी नावे तिच्या जोडीला आली. लेफ्टनच्या मालावर बहुधा एक क्रमांक असतो आणि आजचे संग्राहक त्याच्या आधारे वस्तूचा माग काढतात. कागदी चिठ्ठी मात्र पहिल्याच धुण्यात निघून जाई, आणि मग त्या मूर्तीची कसलीच ओळख उरत नसे. कॅलिफोर्नियातल्या शिल्पकार म्युरिएल जोसेफ जॉर्ज यांच्या ‘जोसेफ ओरिजिनल्स’ने तिथल्या मजुरीला आणि स्वस्त नकलांना तोंड देता न आल्याने १९६० च्या सुमारास आपले उत्पादनच जपानला हलवले. म्युरिएल यांचे उंदीर आणि लहान मुली त्यानंतर जपानी हातांनी घडू लागल्या, आणि दर्जा राखला गेला.

नकलेचा आरोप टाळून हा इतिहास सांगता येणार नाही. कॅलिफोर्नियाच्या हेगन-रेनेकर या कारखान्याचे चिमुकले प्राणी, इंग्लंडच्या बेसविकचे घोडे, जर्मनीच्या गोबेलच्या हुमेल बाहुल्या यांच्या जपानी नकला बाजारात होत्या आणि मूळ कारखान्यांना त्यांनी खरोखर नुकसान पोचवले. मात्र नमुना हातात देऊन ‘असाच, पण स्वस्तात’ म्हणणारा बहुधा परदेशी खरेदीदारच असे. दोष वाटून घ्यायचा तर त्याचा वाटा मोठा ठरतो. जपानमध्येही या बदनामीची लाज वाटत होती. नागोयात चिनी मातीच्या नक्षी आणि आकारांची नोंदणी करणारे केंद्र उभे राहिले आणि १९५९ मध्ये निर्यात मालाच्या रचनेविषयी कायदा झाला. सेतोचे शिल्पकार स्वतःचे नमुने अधिकाधिक देऊ लागले. १९७० च्या दशकाच्या अखेरीस एनेस्कोने अमेरिकन चित्रकार सॅम बुचर यांच्या चित्रांवरून मूर्तींची मालिका काढली, तेव्हा ती चित्रे मूर्तीत उतरवणाऱ्या यासुहेइ फुजिओका या जपानी शिल्पकाराचे नाव ग्राहकांपर्यंत पोचले. असे भाग्य फार थोड्यांना लाभले.

देशी बाजारासाठीही सेतोत प्राणी घडत राहिले. पंजा उंचावून गिऱ्हाईक बोलावणारी मानेकी-नेको ही मांजर त्यांतली सर्वांत प्रसिद्ध. तोकोनामेची मांजर गुबगुबीत आणि मोठ्या डोळ्यांची असते. सेतोची त्या मानाने सडपातळ आणि खऱ्या मांजराच्या जवळची वाटते.

निर्यातीचा अंत चलनाने केला. १९७१ मध्ये ३६० चा दर मोडला आणि १९७३ पासून येन तरता झाला, तरी चांगल्या दर्जाच्या जोरावर सेतो टिकून होते. डॉलरचा भाव उतरवण्यासाठी झालेल्या सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर मात्र सुमारे २४० येनांचा डॉलर दोन-अडीच वर्षांत १२० च्या आसपास आला. ग्राहकाच्या दृष्टीने त्याच मांजरीची किंमत जवळपास दुप्पट झाली. आयातदार तैवान आणि चीनकडे वळले. सेतोचे लहान कारखाने एकामागून एक बंद पडले. साचे जागा अडवतात आणि त्यांना बाजारभाव नसतो, म्हणून हजारो साचे फेकून दिले गेले. नमुना घडवणारे वृद्ध शिल्पकार गेले, आणि पोर्सेलीन आकसण्याचा, पाय न वाकू देण्याचा त्यांचा अंदाजही त्यांच्याबरोबर गेला.

२००५ मध्ये सेतोत ‘सेतोगुरा’ वस्तुसंग्रहालय उघडले. तिथे गावचे जुने रेल्वेस्थानक, कोळशाची भट्टी आणि कारागिरांची कार्यशाळा पुन्हा उभी केली आहे, आणि नॉव्हेल्टीच्या मूर्तीही मांडलेल्या आहेत. सेतोच्या जुन्या चहाच्या वाडग्यांना कलेच्या इतिहासात मानाचे पान मिळाले. ते घडवणारेही बहुतेक निनावीच होते. शोभेच्या प्राण्यांना मात्र दीर्घ काळ बाजारू माल म्हणून बाजूला ठेवले गेले. हा अन्याय आहे. युद्धानंतर या गावाची घरे या प्राण्यांनी चालवली आणि त्यांत ओतलेले कसब वाडग्यांतल्या कसबापेक्षा कमी प्रतीचे नव्हते. आज सेतोत मूर्ती करणारे मोजकेच कारखाने उरले आहेत.